समोर येण्याचा महिना

ओठांत धरलेला खिळा भावजींनी काढला, भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणेवर टेकवला आणि हातोडीचे दोन हलके ठोके देऊन मग एक सणसणीत ठोका दिला. गिलाव्याची पांढरी भुकटी खाली उभ्या असलेल्या बेबीच्या बुटांवर सांडली.

“दे आता वर,” ते शिडीवरून म्हणाले. “काचेला हात लावू नकोस, कडांना धर.”

काउंटरवर तपकिरी कागदात गुंडाळलेली तसबीर होती. बेबीने कागद सोडवला आणि नीट न बघताच ती वर दिली. बसचा प्रवास करून ती आत्ताच आली होती, खांद्यावरची पिशवीही अजून उतरवली नव्हती. भावजींनी मागची तार खिळ्यात अडकवली, मान मागे घेतली, पुन्हा पुढे केली.

“लांब जाऊन बघ. डावी बाजू खाली वाटते का?”

बेबी दुकानाच्या दारापर्यंत मागे गेली आणि तिने बघितलं. डावी बाजू तिला दिसलीच नाही. दिसला तो लेखाच्या मधोमध जाड अक्षरांत छापलेला चौकोन.

गेल्या महिन्यात वर्तमानपत्रात आलेला तो लेख होता. वेधशाळेच्या घुमटात दुर्बिणीवर हात ठेवून उभी असलेली ती, डोक्यावर ठळक मथळा, आणि मध्ये तिच्याच तोंडचं वाक्य, कुणाच्याही नजरेतून सुटू नये असं उचलून मोठं केलेलं: ‘घरात कुणालाच यात रस नव्हता. माझी वाट मीच शोधली.’

भोवती गडद निळ्या पुठ्ठ्याचा माउंट होता, त्याला चंदेरी रेघेची बारीक किनार. भावजी फ्रेम करण्याच्या धंद्यात आयुष्यभर होते आणि हे काम त्यांनी जीव ओतून केलं होतं, हे लगेच कळत होतं.

“सरळ आहे,” ती म्हणाली.

“सरळ असणारच. विचारायचं म्हणून विचारलं.”

वेधशाळेत तिला सगळे मॅडम म्हणत. इथे, पंचेचाळिशी उलटून गेली तरी ती बेबीच होती. ताईची धाकटी बहीण. भावजी शिडी मिटेपर्यंत ती दारातच उभी राहिली. ते वाक्य आपण कसं बोललो हे तिला स्पष्ट आठवत होतं. पत्रकार मुलगी वेधशाळेच्या कँटीनमध्ये समोर बसली होती. शोधाबद्दल सगळं विचारून झालं होतं: आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या अंतराने घेतलेले तीन फोटो, त्यात तारे जागच्या जागी आणि एकच फिकट ठिपका सरकलेला, मग पुढची पाच-सहा वर्षं तो ठिपका जेव्हा जेव्हा दिसेल तेव्हा त्याच्या जागा मोजत राहणं, आणि शेवटी कक्षा पक्की होऊन त्या लघुग्रहाला मिळालेला कायमचा क्रमांक. मुलीने हे सगळं उतरवून घेतलं, पण तिचं पेन रेंगाळत होतं. मग तिने विचारलं, घरच्यांचा पाठिंबा होता का? बेबीने ते वाक्य उच्चारलं, आणि पेन भराभर धावू लागलं. ते धावताना बघून बेबीला बरं वाटलं होतं. छापून आल्यावर तिने स्वतःला बरंच समजावलं, पण ते बरं वाटणं काही तिच्या मनातून जात नव्हतं.

नातीचा फोटो न्यायला एक निवृत्त पोस्टमास्तर दुकानात आले. भावजींनी त्यांची फ्रेम पुसायला घेतली आणि हनुवटीने भिंतीकडे खूण केली.

“ही माझी मेहुणी. हा लघुग्रह हिनेच शोधलाय. वर लावलंय बघा.”

“अरे वा! आपल्यावर येऊन आदळणार नाही ना?”

हा प्रश्न तिला सगळीकडे विचारला जाई. “नाही,” ती म्हणाली. “तो मंगळाच्या पलीकडे आणि गुरूच्या अलीकडे आहे. तिथे असे लाखो दगड आहेत. सूर्याभोवती एक फेरी घालायला त्याला जवळजवळ साडेचार वर्षं लागतात. आपल्या वाटेत तो कधी येतच नाही.”

“म्हणजे सरळमार्गी आहे म्हणायचा.”

“सरळ कसला, गोल,” भावजी म्हणाले. “गोलच ना गं?”

“त्याचा मार्ग जवळजवळ गोल. जरासा दबलेला.”

भावजींनी काउंटरखालून लंबगोल कापलेला एक माउंट काढला. “असा?”

“नाही हो, इतका नाही. नुसत्या डोळ्यांना कळणारसुद्धा नाही. आणि पृथ्वी ज्या पातळीत फिरते तिला तो थोडा तिरका आहे.”

भावजींनी माउंट हातात तिरका धरला. “म्हणजे गिऱ्हाइकाला गोल म्हणून खपवता येईल, पण भिंतीवर लावला की चूक कळेल. बरं, दिसतो कधी?”

“आपण आणि तो सूर्याच्या एकाच बाजूला, एका रेषेत आलो की. साधारण सव्वा वर्षाने एकदा. तेव्हा तो जवळ असतो आणि उजळ. दोन-तीन महिन्यांत पुन्हा अंधुक होतो.”

“म्हणजे तुझ्यासारखाच की!” भावजी म्हणाले. “सव्वा वर्षाने यायचं, चमकायचं आणि गायब व्हायचं.”

पोस्टमास्तर खळखळून हसले. भावजींच्या मनात काहीही नव्हतं, त्यांना विनोद सापडला होता इतकंच. बेबीही हसली. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

मग पोस्टमास्तरांनी खिशातून चष्मा काढला आणि भिंतीजवळ जाऊन ते लेख वाचू लागले. त्यांना ओठ हलवत वाचायची सवय होती. ते ओठ ओळीओळीने मधल्या चौकोनापर्यंत पोचताना बेबी बघत राहिली.

“एकटीने केलंत सगळं,” वळून ते म्हणाले. “कौतुक आहे तुमचं.”

ते गेल्यावर तिने भावजींकडे न बघता विचारलं, “हे आत कुठेतरी लावलं तर नाही का चालणार? दारासमोर कशाला?”

भावजी काचेचे बारीक तुकडे ब्रशने गोळा करत होते. त्यांचा हात थांबला नाही.

“कापायला घेतलं तेव्हाच वाचलं मी,” ते म्हणाले. “वाचावं लागतं. कुठे काय कापलं जाईल ते बघायला नको? तुझ्या ताईला म्हटलं, माउंट जरा रुंद घेतो आणि दोन खिडक्या पाडतो, तो मधला चौकोन झाकून जाईल. कुणाला कळणारही नाही.”

“मग?”

“नको म्हणाली. लेख अर्धवट दिसेल म्हणाली.” त्यांनी तुकडे डब्यात ओतले. “आणि दारासमोरची भिंतही तिनेच सांगितली. जा वर, वाट बघत असेल.”

घर दुकानाच्या वरच होतं. बेबी जिना चढून गेली तेव्हा ताई आईच्या खोलीत होती. तीन वर्षांपूर्वी आईची उजवी बाजू गेली होती, आणि तिच्या बोलण्यातले मोजके शब्दच काय ते शिल्लक राहिले होते. खाटेशी ओणवी होऊन ताई तिची चादर बदलत होती. आईला कुशीवर वळवायचं, जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळत न्यायची, त्याच जागी नवी पसरायची, मग आईला त्या गुंडाळीवरून दुसऱ्या कुशीवर घ्यायचं. खालचा रबरी कपडा जरासुद्धा चुरगळता कामा नये. ताईचे हात हे सगळं आपापले करत होते आणि तोंडाने ती आईशी शेजाऱ्यांच्या गळक्या नळाबद्दल बोलत होती.

“आलीस? हात धू आणि ती उशी दे. ती नाही, लहान. टाचेखालची.”

बेबीने उशी दिली. मग मदत करावी म्हणून आईच्या कमरेखाली हात घालून तिने उचलायला बघितलं. आईच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज आला.

“सोड, सोड,” ताई म्हणाली. “तिला माझ्या हाताची सवय आहे.”

त्यात रागाचा सूर नव्हता. बेबी भिंतीला टेकून उभी राहिली. आईने एकदा तिच्याकडे बघितलं आणि नजर पुन्हा ताईवर नेली.

ताईला यात खरंच रस नव्हता का? ताई शाळेत नेहमी दुसरी-तिसरी यायची. वडील गेले तेव्हा तिने औषधांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं आणि बेबीची शाळा चालू राहिली. पोरीने एकटीने गच्चीवर जायचं नाही, हा आईचा नियम होता. म्हणून आठ तास उभ्याने काम करून आलेली ताई जेवण झालं की बेबीबरोबर वर जायची. विजेरीवर लाल कागद बांधून, बेबीचे डोळे दिपू नयेत अशा बेताने ती ताऱ्यांच्या नकाशातले आकडे वाचून दाखवायची आणि बेबी शाळेतून मागून आणलेल्या दुर्बिणीतून शोधायची. आकडा चुकला की बेबी तिच्यावर खेकसायची. हे सगळं कँटीनमध्ये त्या मुलीसमोर बसलेली असताना बेबीला आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं. सांगायला लांबलचक होतं, आणि त्यात ती स्वतः थोडी कमी एकटी दिसली असती.

आईला दुधात भिजवलेला पाव भरवून झाल्यावर दोघी स्वयंपाकघरात चहा घेऊन बसल्या. बेबीने कप दोन्ही हातांत धरला होता.

“ताई, एक विचारायचंय. त्या लघुग्रहाला आता नाव देता येतं. शोधणाऱ्याने सुचवायचं असतं. मी तुझं सुचवणार आहे.”

ताई धुतलेले टॉवेल घड्या करत होती. तिने एक घडी पुरी केली.

“माझं?”

“हो.”

“केवढा आहे तो?”

“चार-पाच किलोमीटर असेल.”

“वर काय आहे?”

“काही नाही. दगड आहे, खड्डे असतील. पण एकदा नाव छापून आलं की ते बदलत नाही, ताई. आपण सगळे गेल्यावरही राहील. जगभरात कुणीही बघितलं तरी तुझंच नाव.”

“वीजबिलावर अजून माझं नाव धड छापून येत नाही,” ताई म्हणाली, “आणि तू वर नेऊन ठेवतेस.” ती हसली, आणि हसता हसता तिने एक हात पोटाखाली दाबून धरला. हसणं थांबल्यावरही तो हात काही वेळ तिथेच होता.

“हे पेपर वाचून ठरवलंस का?” तिने विचारलं.

बेबी कपात बघत राहिली. चहावर साय धरू लागली होती.

“अगं, खोटं काय होतं त्यात? मला कुठे रस होता? मला गच्चीवर थंडी वाजायची. केव्हा एकदा खाली जातोय असं व्हायचं.” तिने दुसरा टॉवेल घेतला. “पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा लागलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं, बरोबरच तर आहे.”

“ताई, मी तसं म्हणायला नको होतं.”

“झालं आता. आणि फोटो छान आलाय. निळा रंग मी निवडला.”

यापेक्षा ताई चिडली असती, रडली असती, तर बेबीला सोपं गेलं असतं. तिला त्या नावाची घाई झाली. बसमध्ये संपूर्ण वाट ती मनाशी रंगवत आली होती की हे सांगितलं की ताईचा चेहरा कसा उजळेल. आणि मग सगळं फिटेल.

“नाव देऊ ना मग?”

“दे की. मी कशाला नाही म्हणू.” ताईने टॉवेलांचा गठ्ठा बाजूला सारला. तिला काहीतरी बोलायचं होतं. ती ओट्यावरचा एक न पडलेला डाग बोटाने पुसत राहिली. “मलाही तुझ्याशी बोलायचं होतं. मागच्या वेळीच सांगणार होते, पण तू दोनच दिवस होतीस आणि तुझे फोन चालू होते. मला हर्निया झालाय. आईला उचलून उचलून. डॉक्टर म्हणतात आता थांबू नका, एकदा अडकला तर धावपळ होईल. ऑपरेशन काही मोठं नाही. पण नंतर दीड महिना वजन उचलायचं नाही.”

“मग करून टाक ना. कधी करायचं?”

“पुढच्या महिन्यात तारीख मिळत्येय.”

बेबीची नजर ताईच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. पुढच्या महिन्यात तो लघुग्रह पुन्हा समोर, एका रेषेत येणार होता. मोठ्या दुर्बिणीवरच्या रात्री तिने वर्षभर आधी अर्ज करून मिळवल्या होत्या; तो स्वतःभोवती किती वेळात फिरतो, हे त्याच्या उजेडातल्या चढउतारावरून मोजायचं होतं. हुकलं की पुन्हा सव्वा वर्ष. हे सगळं तिच्या मनात यायला एक क्षणही लागला नाही.

ताईला तो क्षण दिसला.

“नाही, नाही, तू नको काळजी करू,” ती एका दमात म्हणाली. “आता बायका मिळतात कामाला. एजन्सीत फोन करून ठेवलाय मी. तू आपलं ते नावाचं कर. चांगलं आहे ते. मला आवडलं, खरंच.”

लहान मुलाने काढलेल्या चित्राचं कौतुक करावं तसा तिचा आवाज होता.

बेबी उठली आणि तोंड धुवायचं निमित्त करून न्हाणीघरात गेली. नळ सोडून ती पालथ्या बादलीवर बसली. कोपऱ्यात आईच्या चादरी भिजत घातल्या होत्या, दोरीवर रबरी कपडा वाळत होता. खुंटीवर पोटाला बांधायचा रुंद पट्टा होता, वापरून वापरून कडा उसवलेला. मागच्या खेपेला ती याच न्हाणीघरात अंघोळ करून गेली होती. पट्टा तेव्हाही तिथेच असणार. आकाशाच्या फोटोतला कुणाला न दिसणारा ठिपका तिला दिसला होता, याबद्दल तिचा लेख छापून आला होता.

तिने वेधशाळेतल्या सहकाऱ्याला फोन लावला.

“पुढच्या महिन्यातल्या माझ्या रात्री तू घे,” ती म्हणाली. “मला रजा घ्यावी लागणार आहे.”

“अहो मॅडम, पण तो तुमचा दगड!”

“तुला कसं मोजायचं ते माहीत आहे. करशील तू.”

“करतो की. पण मग… म्हणजे शोधनिबंधावर पहिलं नाव माझं येईल. आधी बोललेलं बरं म्हणून म्हटलं.”

“येऊ दे.”

“नक्की ना?”

“हो, नक्की.”

फोन ठेवल्यावर ती तशीच बसून राहिली. तो म्हणेल, छे मॅडम, पहिलं नाव तुमचंच, अशी तिने वाट पाहिली होती. आत्ता, या बादलीवर बसूनसुद्धा. तिने नळाखाली दोन्ही हात धरले आणि पाण्याने चेहरा जोरजोरात चोळला.

ताई टॉवेल कपाटात ठेवत होती. बेबी दारात उभी राहिली.

“तारीख घे ताई. मी येते.”

“आणि तुझं काम?”

“कामाला माणूस आहे.”

ताईने वळून तिच्याकडे बघितलं, नीट, थोडा वेळ. काही विचारावं की न विचारावं असं तिच्या तोंडावर होतं. मग तिने कपाट लावलं.

“उद्या सकाळची बस पकडू नकोस मग. आईला कसं उचलायचं ते बघून जा.”

पुढच्या महिन्यात ताईचं ऑपरेशन नीट पार पडलं. तिसऱ्या दिवशी भावजींनी तिला रिक्षातून घरी आणलं आणि शेजारच्या खोलीत गादीवर निजवलं. बेबी आईच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपू लागली.

एका सकाळच्या धड्याने काही येत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. ती आधी खांदा वळवायची विसरे आणि आईचा हात अंगाखाली अडके. चादर सुरकुते. भरवताना घास मोठा होई, आई तो जिभेने बाहेर ढकली आणि तिच्यामागे दाराकडे बघत म्हणे, “ताई.”

“ताई निजली आहे, आई. मी आहे ना. मी बेबी.”

मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं आई तिच्याकडे बघे. मग पुन्हा, “ताई.” शेजारच्या खोलीतून ताईचा आवाज येई, “डावीकडून भरव गं! उजवीकडे तिला कळत नाही!” आणि मागोमाग भावजींचा, “तू गप पड, टाके तुटतील.”

पहिल्या आठवड्यात बेबी दोनदा रडली, दोन्ही वेळा चादरी धुताना. दुसऱ्या आठवड्यात रडायचं राहून गेलं. हळूहळू आईची चादर सपाट बसू लागली. पाठीवरचा एक लालसर डाग वाढता वाढता थांबला, आणि तो थांबला हे तिचं तिलाच दिसलं. त्या दिवशी तिला एवढा आनंद झाला की तिने तो जाऊन ताईला सांगितला. “हं,” ताई म्हणाली, “दोन दिवस त्या कुशीवर ठेवूच नकोस,” आणि पुढे म्हणाली, “माझ्या हातून पहिल्या वर्षी आईला असाच झाला होता. भरायला चार महिने लागले.” या चार महिन्यांबद्दल बेबीने कधी काही ऐकलं नव्हतं. की ऐकलं होतं, फोनवर, दुसरं काहीतरी करता करता?

सहकाऱ्याने एका दुपारी आलेख पाठवला. दोन उंचवटे असलेली, पुन्हा पुन्हा तशीच येणारी रेघ. ‘सात तासांपेक्षा थोडा जास्त. आणि चांगलाच लांबट आहे हो, बटाट्यासारखा!’ खाली त्याने लिहिलं होतं. ओल्या हाताने फोन धरून बेबी ती रेघ बघत राहिली. सुंदर होती. तिला छातीत काहीतरी टोचलं, आणि ते टोचलं याचीच जास्त लाज वाटली. ‘उत्तम,’ तिने उत्तर पाठवलं.

ताईने नावाबद्दल एकदाच विचारलं. “ठेवलंस का मग?”

“अजून नाही.”

“घाई नको करू,” ताई म्हणाली, आणि कूस बदलायला तिने भावजींना हाक मारली.

ऑपरेशनला तीन आठवडे होऊन गेल्यावर एका संध्याकाळी समोरच्या घरातल्या बाई ताईच्या तब्येतीची चौकशी करायला आल्या. ताई झोपली होती. बेबीने तिच्या खोलीचं दार लोटून घेतलं, पण ते फुगलेलं दार पुरतं लागत नसे. तिने बाईंना स्वयंपाकघरात बसवून चहा ठेवला. तिचे केस विस्कटले होते, अंगाला पावडरचा वास येत होता. बाई तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या.

“मी सगळ्यांना सांगते तुमचं,” त्या म्हणाल्या. “एवढी मोठी शास्त्रज्ञ, एवढं नाव, आणि सगळं सोडून आईचं करायला येऊन बसली! आजकाल कोण करतं हो? असली मुलगी मिळायला भाग्य लागतं. पेपरात खरं तर हे छापून यायला हवं.”

“तीन वर्षं ताईच करतेय,” बेबी म्हणाली. “मी आत्ता आले.”

“हो, ते तर आहेच. पण त्या काय, घरातच असतात ना. तुमचं वेगळं.”

बेबीने गॅस बंद केला. आपण आता काहीतरी बोललं पाहिजे हे तिला कळत होतं. नीट, सविस्तर, पहिल्यापासून, कारखान्यापासून. तिने तोंड उघडलं. “माझं काही वेगळं नाही. माझं शिक्षणही ताईनेच केलं,” ती म्हणाली, “आणि मी ते कुणाला…” पण बाईंचं लक्ष कपाकडे होतं. “साखर एकच चमचा हं मला,” त्या म्हणाल्या. “त्यांचं मन मोठंच आहे. आणि तुमचंही. दोघी बहिणी गुणाच्या.” मग त्या आपल्या सुनेबद्दल बोलू लागल्या.

बाई गेल्यावर बेबीने जिन्याचं दार लावलं आणि ताईच्या खोलीत डोकावून बघितलं. ताई भिंतीकडे तोंड करून निजली होती. चादर खांद्यापर्यंत ओढलेली. तिचा श्वास सावकाश चालला होता, झोपलेल्या माणसाचा चालतो त्याहूनही सावकाश, एकसारखा. लोटलेल्या दारातून सगळं ऐकू आलं असणार.

बेबी उंबऱ्यावर उभी राहिली. ताई, असं तिच्या ओठांवर आलं. पुढे जे काही आलं असतं त्यात पुन्हा मी, मला, माझं हेच शब्द होते. तिने ओठ मिटून घेतले. भिंतीकडे वळलेली ती पाठ हलली नाही.

आतून आईचा आवाज आला. “ताई.” थोडा वेळ गेला. “ताई!”

चादर हलली. ताईने एक कोपर गादीवर रोवला आणि सवयीने उठायला अंग उचललं.

“आले गं आई,” बेबी म्हणाली आणि पटकन आत गेली.

आई एका कुशीवर घसरली होती. बेबीने आधी तिचा खांदा धरला, मग कमरेखाली हात घातला आणि तिला सावकाश सरळ केलं. टाचेखालची उशी नीट केली. आईने डावा हात उचलून चाचपडत तिचं मनगट पकडलं.

“ताई,” ती म्हणाली.

“हो,” बेबी म्हणाली. “बोल.”